पिशवीचे कागद

मी आळशी नाही, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं हे वाक्य माझ्या घशाशी येत होतं आणि मी ते गिळत होते. आता नाही गिळणार.

आम्ही मूळचे खानदेशातले. सुरतेत गोडादऱ्याला राहतो, दुसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याला पायऱ्या चौतीस. चौतीस हा आकडा मला माझ्या वयापेक्षा जास्त पाठ आहे. माझे मालक कापडाच्या लूमच्या कारखान्यात मास्तर आहेत, म्हणजे कारीगराचं लूम अडलं की ते लावून देणारे. घरात आम्ही दोघं, सासू, आणि आमची एकुलती एक मुलगी. ती माझ्याशी मराठीत बोलते, आजीशी अहिराणीत, मैत्रिणींशी गुजरातीत, आणि भांडायला लागली की तिन्ही एकदम. खरं तर आमच्या घरात सगळं बोलणं अहिराणीतच चालतं, पण मी इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे. सासूचं बोलणं तेवढं मला बदलवत नाही. तिचे शब्द बदलले तर ती माझ्याशी बोलायची नाही.

मी घरी धागा कटिंग करते. एम्ब्रॉयडरीच्या साड्यांचे गठ्ठे घरी येतात, साडीच्या मागच्या बाजूने लोंबणारे दोरे छोट्या कातरीने कापायचे. आमच्या बिल्डिंगीतल्या सगळ्याच बाया करतात. दुपारी खाली ओट्यावर बसून गप्पा मारत मारत त्यांचा गठ्ठा संपतो. माझा मात्र अर्धा उरतो. दहा मिनिटं कातर चालवली की बोटं जड होतात, मान खाली येते, आणि असं वाटतं की आता इथेच, साड्यांवरच आडवं व्हावं. समोरच्या घरातली बाई म्हणायची, "आल्या का महाराणी? बसा, तक्क्या देऊ का टेकायला?" सगळ्या हसायच्या. मीही हसायची. न हसून सांगते कोणाला!

उंची माझी पाच फूट आणि वजन सहासष्ट किलो. अगदी ढोल नाही, पण जे काही आहे ते सगळं पोटावर. त्यामुळे मी दमले असं म्हटलं की समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघायचा. जिऱ्याचं पाणी प्या. भात सोडा. सकाळी फिरायला जा. मी सगळं केलं हो! भात सोडला तर चक्कर आली, फिरायला गेले तर रिक्षा करून परत आले. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं आणि थायरॉइडचा आकडा बघून म्हणाले, नॉर्मल आहे, वजन कमी करा. आमच्या ह्यांनी मला कधी टाकून बोललं नाही. पाणी यायचं तेव्हा ड्युटीवरून आल्या आल्या बादल्या तेच भरायचे. पण एकदा, एकदाच, ते सहज म्हणाले, "तू मनावर घेतलंस ना, तर होईल." चांगल्या मनानेच म्हणाले. पण माझ्या काळजात ते वाक्य जे रुतलं, ते रुतलंच.

एक सासूच काय ती माझ्या बाजूने भांडायची. कोणी मला हसलं की वरून गॅलरीतून ओरडायची, "मन्ही सून शे ती, म्हैस नही! तुमनी जीभ सांभाळा!" आता बिल्डिंगभर म्हैस हा शब्द पोचवायचं काम तीच करायची, हे तिच्या लक्षात यायचं नाही.

एके दिवशी दूध घेऊन वर येताना मी सतराव्या पायरीवर, बरोब्बर मध्यावर, बसले ती उठेचना. खाली जायचं बळ नाही, वर जायचं नाही. पोरगी कॉलेजातून आली तेव्हा मी तिथेच, दुधाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "मम्मी, हे वजन नाहीये. लठ्ठ माणसं जिना चढतात. हे काहीतरी वेगळं आहे." मग तिने कुठून कुठून विचारून हार्मोनच्या डॉक्टरांचा पत्ता काढला आणि वडिलांना सांगितलं, पप्पा, खाडा करा. आमचे हे खाडा करत नाहीत, ताप असला तरी ड्युटीला जातात. पण पोरीने सांगितलं की हलतात.

डॉक्टर गुजराती होते, वयस्क, शांत. त्यांच्याकडे मराठी पेशंट खूप, म्हणून मराठी छान बोलायचे. मी खुर्चीत बसले आणि हे माझ्या मागे उभे. आमच्याकडे अशीच रीत आहे. बाईचं दुखणं डॉक्टरला नवरा सांगतो. बाईने फक्त जीभ दाखवायची आणि हात पुढे करायचा.

"कधीपासून थकवा?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"खूप वर्षं झाली साहेब," हे म्हणाले.

"भूक?"

"बेताची आहे."

"पाळी नियमित?"

"नाही साहेब, तिची पिशवी काढलेली आहे. पोरगी झाली त्या बाळंतपणातच."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले. आतापर्यंत जितके डॉक्टर झाले, तितक्यांना ह्यांनी हे वाक्य सांगितलेलं, आणि प्रत्येक वेळी मी असाच कुठलातरी पंखा बघितलेला.

कारण माझी पिशवी कोणी काढलेलीच नाही.

आता मागचं सांगते. माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरीच, गावाला झालं. हे सुरतेत, लूमवर. मला तेव्हा चोवीसावं चालू होतं. पोरगी घरातच झाली, सुईण होती, सगळं ठीक होतं. आणि मग रक्त थांबेना. गोधडी भिजली, दुसरी भिजली. मला एवढंच आठवतं की सासू माझ्या गालावर चापट्या मारत होती आणि म्हणत होती, "डोया उघड वं माय, डोया उघड." कोणाच्या तरी जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. रक्ताच्या बाटल्या चढवल्या. तीन दिवसांनी मी शुद्धीवर आले, तर सासू खाली फरशीवर बसून पोरीला कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजत होती. हे सुरतेहून आले तेव्हा त्यांना एवढंच कळलं की बाळंतपण अवघड गेलं, दवाखान्यात न्यावं लागलं.

मला दूध आलंच नाही. थेंबभर नाही. मेथीचे लाडू, हळीव, शेपूची भाजी, सगळं झालं. मग महिने गेले, वर्ष गेलं, पाळीही आली नाही. आमच्या भाऊबंदकीत बायकांच्या नजरा फार तेज. चार दिवस बाजूला बसायची पद्धत, आणि ही सून कधी बसतच नाही, म्हणजे काय? चोवीस वर्षांची बाई आटली? बाहेरचं काही आहे, देवाचं काही आहे. चुलतसासूने तर सासूला तोंडावर विचारलं, "पोराचं दुसरं कधी करते? वंशाला दिवा नको का?" मी चुलीपाशी होते. ऐकून माझी तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू पाण्याला गेली आणि तिथे सगळ्या बायांसमोर मोठ्याने सांगून आली की सुनेची पिशवी डॉक्टरने काढून टाकली, जीव वाचवायला काढली, आता पोर नाही व्हायचं, देवाची मर्जी. आणि काय सांगू, सगळ्या गप्प! आमच्या भागात पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं. त्यात बाईचा दोष नाही. डॉक्टरने काढली, विषय संपला. आपोआप आटलेली बाई मात्र अपशकुनी. घरी येऊन सासू मला म्हणाली, "कोनी इचारं ते सांगानं, पिशवी काढी टाकी. त्यालेबी हाईच सांगानं. माणूसना पोटमा ऱ्हात नही."

त्याला म्हणजे तिच्या पोराला. माझ्या नवऱ्याला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. आम्ही मूठ झाकली. त्या एका खोट्यावर माझा संसार टिकला, मी सुरतेला आले, पोरगी मोठी झाली. पहिल्या वर्षी वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. मग पाच वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी सांगायचं तरी कसं? खोटं जुनं झालं की ते घरातल्या भांड्यांसारखंच होतं, रोज दिसतं आणि कोणी विचारत नाही.

हां, तर डॉक्टर. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की वाढीचं हार्मोन कमी असावं अशी शंका आहे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. वाढीचं? आता चव्वेचाळीसाव्या वर्षी मी अजून किती वाढायचं? डॉक्टर हसले. म्हणाले, "बेन, हे हार्मोन मोठ्या माणसालाही लागतं. ताकद, स्नायू, मन, सगळ्याला. ते नसलं की माणूस दमतो आणि पोटावर चरबी चढते. पण नुसत्या एका तपासणीवर मी काही सांगणार नाही. एक इंजेक्शन देऊन चार तास दर अर्ध्या तासाने रक्त घ्यावं लागेल. उपाशीपोटी यायचं."

तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर सासू दारात वाटी घेऊन उभी. दही-साखर. शुभ कामाला निघताना हातावर दही-साखर घेतल्याशिवाय आमच्या घरातून कोणी बाहेर पडलेलं नाही. मी सवयीने हात पुढे केला, आणि पोरीने झडप घालून वाटी ओढली. "आजी! उपाशीपोटी! आता खाल्लं असतं तर सगळं फुकट!" सासू एवढीशी झाली. मग तिने ते दही छोट्या डब्यात घातलं, झाकण घट्ट लावलं आणि ह्यांच्या हातात दिलं, सगळं झाल्यावर खायला.

ती चार तासांची तपासणी कोणाच्या वैऱ्यावर येऊ नये. हाताला सुई टोचून ठेवलेली, दर अर्ध्या तासाने नर्स येणार. दोन तासांनी असं मळमळायला लागलं की सांगायची सोय नाही. आमचे हे स्टुलावर बसून होते. चार माणसांत बायकोचा हात धरणारा माणूस नाही हो हा, लग्नाच्या फोटोतही एक हात अंतर ठेवून उभा आहे. पण त्या दिवशी त्यांनी माझे थंड पडलेले तळवे आपल्या हातात घेतले आणि चोळत बसले. एका हाताने चोळायचे आणि दुसऱ्या हाताने तो दह्याचा डबा सांभाळायचे, सांडू नये म्हणून. मला त्या क्षणी इतकं भरून आलं! आणि तितकीच स्वतःची लाज वाटली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागद आमच्यासमोर ठेवला.

"आकडा अडनिडा आला," ते म्हणाले. "तुम्ही बारीक असता तर मी म्हटलं असतं, कमतरता आहे. पण वजन जास्त असलं की हे हार्मोन आपोआपच दबतं. चांगल्या धडधाकट जाड माणसाचंही कमी येतं. म्हणून वजनदार माणसासाठी रेघ खाली धरावी लागते. तुमचा आकडा दोन रेघांच्या मध्ये आहे. चरबीमुळे हार्मोन कमी झालं, की हार्मोन नाही म्हणून चरबी आली, हे नुसता आकडा सांगत नाही."

हे गोंधळले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही लूमचे मास्तर ना? कापड खराब येतंय. लूम बिघडलं म्हणून की दोराच खराब म्हणून?"

"दोन्हीनं येतं साहेब."

"मग कसं ओळखता?"

"लूमवर जो असतो त्या कारीगराला विचारतो. आधी काय झालं होतं ते त्यालाच माहीत."

"बस. मीही तेच विचारतोय. आधी काय झालं होतं? डोक्याला मार, मोठा आजार, बाळंतपणात फार रक्त जाणं? असं काही घडलं असेल तर मी वरची रेघ धरीन, म्हणजे ही कमतरता, आणि इलाज सुरू. काही घडलं नसेल तर खालची रेघ, म्हणजे हे वजनाचंच, आणि गरज नसताना ही इंजेक्शनं मी देणार नाही."

"तसं काही नाही साहेब," हे म्हणाले. "पिशवी काढली, तेवढंच."

"पण का काढली? चोवीस वर्षांच्या बाईची पिशवी उगाच नाही काढत. त्या ऑपरेशनचे कागद आणा. त्यात सगळं लिहिलेलं असेल."

मी पंख्याकडे बघितलं. माझ्या तोंडात एक वाक्य होतं, एवढंसं. ते बोलले असते तर मला इलाज मिळाला असता. आणि माझ्या नवऱ्याला कळलं असतं की त्याच्या आईने आणि बायकोने मिळून त्याला वीस वर्षं वेड्यात काढलं. पंचाहत्तरीला आलेली ती म्हातारी आपल्या पोराच्या नजरेतून उतरली असती. नुसतं रक्त गेलं म्हटलं असतं, तरी त्या नसलेल्या ऑपरेशनचे कागद त्यांनी मागितलेच असते. मी ते वाक्य गिळलं. निघताना डॉक्टर मला म्हणाले, "वजनाचंच असलं तर मनावर घ्या हां, बेन." पुन्हा तेच. मनावर.

घरी आल्याबरोबर ह्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. एकेक कागद काढून फरशीवर मांडायला लागले. रेशन कार्ड, पोरीच्या लसींचं कार्ड, माझा सातवीचा दाखला, त्यांच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला. सासू पलंगावर बसून मेथी निवडत होती. मी दाराला टेकून उभी. प्रत्येक कागद ते उलगडायचे, डोळ्यांजवळ नेऊन वाचायचे, पुन्हा घडी घालायचे. माझ्या नसलेल्या ऑपरेशनचे कागद तो माणूस इतक्या मायेने शोधत होता की मला बघवेना.

"इथे नसतील," शेवटी ते म्हणाले. "हरकत नाही. रविवारी मी गावाकडे जातो. तालुक्याच्या त्या दवाखान्यात नोंद असेल, नक्कल काढून आणतो. ते नाही म्हणाले तर मी हटून बसेन तिथे. हिचा इलाज अडायला नको."

सासूचा हात थांबला. मेथीची काडी तशीच बोटांत राहिली.

"कागद भेटनार नहीत," ती म्हणाली.

"का भेटणार नाहीत? सरकारी दवाखाना आहे."

"ऑपरेशन व्हयेल नही. पिशवी काढेल नही. मी खोटं सांगेल व्हतं. तिले काय बोलू नको, काय बोलानं ते मले बोल."

पोरगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग मीच बोलले. सगळं सांगितलं. गोधड्या, जीप, शेळीचं दूध, चुलीपाशी ऐकलेलं, पाण्यावरची बातमी. मी रडत नव्हते, मला वाटतं मी ओरडत होते. हे कागदांच्या मधोमध बसून ऐकत होते.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटली. तुम्ही दुसरी कराल."

"एकीलाच कधी धड विचारलं नाही मी," ते म्हणाले, "दुसरी कशाला करायला जातो?"

आणि मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. मला वाटलं, आता चिडतील. ते चिडलेच, पण माझ्यावर नाही आणि आईवरही नाही. "इतक्या डॉक्टरांना कोणी सांगितलं? मीच ना? तू एकदाही नाही बोललीस. प्रत्येक ठिकाणी तुझ्या आधी मी तोंड उघडलं. खोटं आईचं होतं, पण सांगत मी फिरलो." मग ते एकेक कागद पेटीत ठेवायला लागले. एका साध्या कागदाची घडी त्यांना जमेना. लूमवर केसाएवढा तुटलेला दोरा बघता बघता जोडणारा हात हा.

दोन दिवस हे ड्युटीवरून आले की परस्पर गॅलरीत जाऊन बसायचे. सासू जेवली नाही धड. तिसऱ्या दिवशी सकाळी हे ड्युटीचे कपडे न घालताच बसलेले. म्हणाले, "खाडा केलाय. चल, दवाखान्यात जाऊ." मग आईच्या पलंगापाशी गेले आणि नुसतं म्हणाले, "मा, दही कुठेय?" म्हातारी इतक्या घाईने उठली की तिचा पदर मेथीच्या टोपलीत अडकला.

दवाखान्यात मी खुर्चीत बसले. डॉक्टरांनी विचारलं, "आणले कागद?"

ह्यांनी सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, माझ्या मागे नाही, शेजारी ठेवलं, आणि बसले.

"कागद नाहीत साहेब," ते म्हणाले. "हिलाच विचारा." आणि माझ्याकडे वळून, "तू सांग."

वीस वर्षांत माझ्या दुखण्याबद्दल मला कोणी तू सांग म्हटलं नव्हतं. मी सांगितलं. डॉक्टर मध्ये दोनच गोष्टी विचारत होते.

"बाळंतपणानंतर दूध आलं होतं?"

"थेंबभर नाही."

"पाळी?"

"त्यानंतर कधीच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ते सांगायला लागले, अंगातली सगळी हार्मोनं तीच हाकते. बाळंतपणात फार रक्त गेलं तर तिला रक्त पुरत नाही आणि ती सुकते. दूध न येणं ही तिची पहिली खूण, पाळी न येणं ही दुसरी. आणि ती नीट चालत नसली की थायरॉइडचा तो एक आकडा फसवू शकतो, नॉर्मल दिसतो. आतापर्यंत डॉक्टरांना आपणच काय सांगितलं ते आठवून हे खाली बघत होते. डॉक्टरांनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी लगेच कागद पुढे ओढला आणि डोक्याचा एमआरआय लिहून दिला.

चार दिवसांनी त्याचा रिपोर्ट आला. ग्रंथीची जागा जवळजवळ रिकामी. डॉक्टरांनी माझा तो जुना रिपोर्ट पुन्हा काढला. "आकडा तोच आहे," ते म्हणाले, "पण आता मला कळलं तो कुठल्या रेघेने वाचायचा. बेन, हे वजनाचं नाही. हा आजार आहे. तुम्ही मनावर घेऊन तो बरा झाला नसता."

"साहेब," हे म्हणाले, "शेवटचं जरा परत म्हणता का?"

डॉक्टर परत म्हणाले. शब्दन् शब्द.

आता माझा इलाज चालू आहे. दुसऱ्या दोन गोळ्या आहेत आणि रोज जेवणानंतर एक बारीक सुईचं इंजेक्शन, ते हेच देतात. पहिल्या दिवशी सुई हातात घेऊन मास्तरांना घाम फुटला, मलाच म्हणावं लागलं, अहो टोचा, लूम नाही मी, बंद नाही पडणार. वजन काही भराभर उतरलं नाही, आणि मी पळायला लागले असंही नाही. जिन्यात अजून एकदा थांबते. पण गठ्ठा संपतो माझा.

मला सांगायचं होतं ते मात्र त्या रिपोर्टच्या दिवसाचं. दुपारी आम्ही घरी आलो. सासू दारातच होती. मी तिला सगळं सांगितलं, कोणती ग्रंथी, का सुकली, इतकी वर्षं का कळलं नाही. ती ऐकत ऐकत खाली बसली. "म्हंजी मन्हा खोटामुये तुन्हा वीस वरीस गयात," ती म्हणाली.

"आई, त्याच खोट्याने मी या घरात राहिले," मी म्हटलं. "तुम्ही ते बोलला नसतात तर आज मी कुठे असते?" आणि हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. हे माझं मन आहे. राग आला होता मला तिचा, खोटं कशाला सांगू, त्या दोन दिवसांत फार आला. पण माझ्या गालावर चापट्या मारून जिने मला परत आणलं, तिच्यावर राग टिकत नाही.

ती उठली. चप्पल घातली आणि बाहेर गेली. गुडघे दुखतात म्हणून ती महिनोन्महिने खाली उतरत नाही. मी मागे जायला निघाले तर पोरीने हात धरला. आम्ही गॅलरीत जाऊन खाली बघितलं. कठडा धरून धरून म्हातारी चौतीस पायऱ्या उतरली होती. ओट्यावर सगळ्या बाया साड्या पसरून दोरे कापत बसलेल्या, समोरच्या घरातली बाई मधोमध. त्यांतल्या निम्म्या आमच्याच गावाकडच्या. यांच्यासमोर पडलेला शब्द आठ दिवसांत भाऊबंदकीत पोचतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"ऐका वं बायासहोन!" ती मोठ्याने म्हणाली. अगदी तशीच, जशी वीस वर्षांपूर्वी पाण्यावर म्हणाली असेल. "मन्ही सूननी पिशवी कोनी काढेल नही. मी खोटं बोलनू, देवनी आन. बाळंतपणमा तिन्हं रगत गयं, तवयपासून ती बिमार शे. ती आळशी नही. वीस वरीस बिमार व्हती आनी तशीच तिनी मन्ही भाकर थापी. आते कोनी हासनं ते मन्हाशी गाठ शे."

सगळ्या कातरी थांबल्या. समोरच्या घरातल्या बाईने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि सरकून ओट्यावर जागा केली. पण म्हातारीचं अजून संपलं नव्हतं. तिनेही वर बघितलं, उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून, आणि ओरडली, "सांग वं पोरी! तूच सांग! खरं शे ना?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कठड्यावरून वाकले आणि सगळ्या बिल्डिंगीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "खरं आहे!"